एकत्र पाव खाणारे

३ ऑक्टोबर १९६१, मंगळवार

आज आठवीत 'कंपनी' हा शब्द फोडला. शब्द फोडून दाखवायची माझी खोड हेडमास्तरांना आवडत नाही, पोरांना आवडते. बिनपुठ्ठ्याचा जुना कोश काखेत मारून वर्गात गेलो. कॉम म्हणजे बरोबर. पानिस म्हणजे पाव. लॅटिन! कंपॅनियन म्हणजे बरोबर बसून पाव खाणारा. असे चार जमले की झाली कंपनी. मग शिपायांची कंपनी, गलबतावरची कंपनी, व्यापाऱ्यांची कंपनी, या सगळ्या मागाहून. आधी पाव.

तोच पानिस पोर्तुगिजांच्या तोंडात गेला, गोव्याला उतरला आणि आमच्याकडे चहात बुडायला लागला. वर्ग खूश. मथुरा म्हणून एक बोलघेवडी मुलगी आहे, ती उठली — "गुरुजी, मगे पेज खातत तेंची कंपनी जावची नाय?" सगळे हसले. मीही हसलो.

सायकलवरून घरी येताना मात्र हसू गेलं. सहा वर्षं झाली, देवळाच्या पंगतीत आमच्या घराचं पान मांडत नाहीत. कशापायी? पावापायीच! लॅटिन लोकांना म्हणावं, या एकदा आमच्या वाडीत.

५ ऑक्टोबर

एकदा लिहून टाकतो. मनात कुजण्यापेक्षा वहीत कुजू दे.

नर्मदा. माझी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटी. बाबा गेले तेव्हा पाच वर्षांची होती. मीच तिला वाढवलं, मीच मुळाक्षरं गिरवून घेतली. मालवणात शिवणकाम शिकायला मीच पाठवली, तेही हेडमास्तरांकडे मिनतवारी करून लवकर सुटून तिला गाडीत बसवून द्यायला जाऊन! शिवणाच्या वर्गासमोर इनास पोदेराची भट्टी. पोदेर म्हणजे पाव भाजणारा. ५५ च्या मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन दोघांनी रजिस्टर लग्न केलं. मला पोस्टकार्डावरून कळलं. "दादा, रागावू नकोस." बस, एवढंच.

त्या वर्षीच्या जत्रेत आमचं पान मांडलं नाही. तेव्हाचे गावकर, म्हणजे देवळाचे मुख्य मानकरी, आताचा गावकर भिकाजी याचे वडील. त्यांनी निरोप धाडला, घरातल्या कर्त्याने देवापुढे नारळ ठेवावा, गाऱ्हाणं घालू, मग बघू. म्हणजे काय ते न कळायला मी दुधखुळा नाही. चारचौघांत म्हणायचं — ही आम्हाला मेली. आणि सगळ्यांनी ओरडायचं, व्हय म्हाराजा!

मी गेलो नाही. तिच्याशी काय करायचं ते मी आमच्या अंगणात केलं होतं. गावाला त्याचा तमाशा कशाला दाखवू?

९ ऑक्टोबर

माणसांच्या घोळक्यांचे आणखी शब्द काढून ठेवले. गँग, मुळात नुसतं चालणं. मॉब, चंचल रयत. टीम, एका जोखडाला जुंपलेली जनावरं. आमच्या स्टाफरूमला हाच बरा.

पण 'कंपनी'सारखा एकही नाही. इंग्रजीत पाहुणे आले तरी म्हणतात, आमच्याकडे कंपनी आहे. आमच्याकडे नाही. गेल्या पावसाळ्याआधी घर शाकारलं ते मी आणि सुभद्रानं. सुभद्रा माझी बायको, ती शिडीवर आणि मी खालून कौलाचे नळे देतोय! शेजारच्या घरावर त्याच दिवशी अकरा माणसं होती. मोजली मी.

१५ ऑक्टोबर, रविवार

आये, माझी आई, आज एकदम बोलली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती सुपात तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "झिला, औंदा जत्रेक नारळ ठेव."

मी म्हटलं, "का?"

"का म्हणान काय? सत्तरी उलाटली माझी. एकदा देवाच्या पंगतीत बसान जेवचा आसा. सगळ्यांच्या वांगडा. मगे माका न्हेलो तरी चलात."

गेल्या श्रावणात तिला कावीळ झाली होती. अजून डोळे पिवळसर दिसतात. डॉक्टर म्हणतात, जपा. जपा म्हणजे काय ते मला कळतं.

मी म्हटलं, "आये, नारळ ठेवायचा म्हणजे काय कबूल करायचं, ठाऊक आहे ना?"

"माका सगळा ठाऊक आसा. तुकाच कायएक ठाऊक नाय." आणि सूप पाखडायला लागली.

वांगडा. बरोबर, सोबत. आमच्या बोलीत यासाठी पाव लागत नाही की लॅटिन लागत नाही.

१९ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी सगळी वाडी एकमेकांकडे सोनं द्यायला फिरत होती. मी ओटीवर बसून होतो. आमच्या कुंपणाच्या बेड्यातून आत आला तो एकटा लवू. लवू माझा चुलतभाऊ, एसटीच्या थांब्यावर चहाचं हॉटेल चालवतो. आपट्याचं पान हातावर ठेवून म्हणाला, "दादानूं, तुमी भायर पडाक नाय तर कोण येतलो? तुमीव जावा मरे चार घरात."

मी म्हटलं, "ज्यांना गरज असेल ते येतील."

"असा म्हणतास?" म्हणाला आणि आत आयेकडे गेला. बराच वेळ कुजबुज चालली होती. मी ओटीवरून खाकरलो तशी थांबली.

२३ ऑक्टोबर

आज हॉटेलासमोर सायकलची साखळी पडली. नाइलाजाने थांबलो. मी एरवी त्या हॉटेलात पाय ठेवत नाही. सकाळी पत्र्याची पेटी उघडली की पावाचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो आणि माझं डोकं उठतं. लवूला विचारलं, पाव कुठून आणतोस? तो किटली घासत म्हणाला, "कणकवलीसून." बाकावर चौघे होते. चौघांनीही एकदम चहाच्या कपात बघितलं.

चला! आमच्या आजोबांच्या तोंडी एक गोष्ट असायची. पाद्र्यांनी म्हणे विहिरीत पाव टाकला. सकाळी गावाने पाणी भरलं, प्यायलं. दुपारी कळलं, पाण्यात पाव होता! झालं, ज्यांनी पाणी प्यायलं ते बाटले, उरलेल्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. एका पावाने अर्धा गाव परका. आणि कोशात लिहिलंय, पाव खाल्ला की माणसं जोडली जातात. ज्यानं हा शब्द घडवला त्याला आमची विहीर दाखवायला हवी होती.

२९ ऑक्टोबर

सुभद्राचा दात पुन्हा दुखतोय. पुन्हा मालवण. या वर्षातली ही पाचवी खेप. मी म्हटलं, काढून टाक एकदाचा. म्हणाली, "डाक्टर म्हणतत, रवांदे अजून." तोच दात, तोच डॉक्टर. दात मोठा चिवट दिसतो.

५ नोव्हेंबर, रविवार

गेलो एकदाचा भिकाजीकडे. सहा वर्षांनी त्यांच्या अंगणातल्या खळ्यात पाऊल ठेवलं. बाप जाऊन चार वर्षं झाली, आता गावकरकी याच्याकडे. माझाच विद्यार्थी! इंग्रजीत दोनदा नापास. सुपारी कातरत बसला होता. उठून उभा राहिला, घोंगडी पसरली, पाणी आणून ठेवलं. मला राग आला. वाळीत टाकता आणि घोंगडी पसरता!

मी उभ्यानेच बोललो. म्हटलं, नारळ ठेवतो. पण एक अट. आये म्हातारी आहे. नर्मदेबद्दल काय म्हणायचं ते मी म्हणेन. आयेच्या तोंडून वदवू नका.

त्याचा अडकित्ता थांबला. "गुरुजी, चार वर्सां मी वाट बघतंय तुमची," म्हणाला. "बापाशीन सांगलेला, कर्तो आपणहून येवक व्हयो, बोलवूक जावचा नाय. म्हणान मी येवक नाय. तुमी नारळ ठेवा. गाऱ्हाणा काय घालूचा ता माझ्यार सोडा."

"पण आयेला—"

"माझ्यार सोडा, गुरुजी."

काय हा तोरा! दोनदा नापास झालेला पोरगा मला सांगतो, माझ्यावर सोडा. येताना बेडं ओलांडताना धोतर अडकून फाटलं. तेही त्याच्याच बेड्याला.

८ नोव्हेंबर

दिवाळी. आयेनं चार वाट्या फराळ बाजूला काढून फडक्यात बांधला. कुणाला, म्हणून विचारलं. ऐकू न आल्यासारखं केलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज ते लिहितो. सहा वर्षं टाळलंय.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती आली होती. सकाळच्या गाडीने, एकटी. मी शाळेत निघालो होतो, अंगणातच गाठ पडली. हातात कापडी पिशवी. गरम पाव होते, पिशवीला घाम आला होता. हसली. तेच हसू, पाटीवर 'श' बरोबर आला की हसायची ते. म्हणाली, "दादा, मी भाजलंय. माझ्या हातान."

मी पिशवी तिच्या हातातून घेतली. तिला वाटलं, मी घेतोय. मी ती वईच्या कुंपणापलीकडे भिरकावली. पाव रस्त्यावर पडले, कुत्री धावली. मी म्हटलं, "या घरात तुझ्या हातचं कुणी खाणार नाही. मी असेपर्यंत नाही." आये दारात उभी होती. नर्मदा रस्त्यावर गेली, कुत्र्यांना हाकलून उरलेले पाव वेचून पिशवीत भरले, आणि गेली.

तिनं ते वेचले कशाला? मला अजून कळत नाही. फेकले होते ना! पडू द्यायचे.

शाळेत त्या दिवशी तिसऱ्या तासाला मी पाठ शिकवला. एकही चूक केली नाही.

१९ नोव्हेंबर

जत्रा तीन दिवसांवर. नारळ आणून ठेवला. शेंडीचा, चांगला पाणीदार.

आयेला समोर बसवून समजावलं. म्हटलं, भिकाजी गाऱ्हाण्यात नर्मदेला मेली म्हणेल, तेव्हा तू गप्प राहा. व्हय म्हाराजा म्हणू नकोस. बायकांच्या गर्दीत कुणाला कळणार नाही.

ती म्हणाली, "माका जा म्हणाचा आसा ता मी म्हणतलंय. मोठ्यान म्हणतलंय."

मला धक्काच बसला. एका पंगतीसाठी! भात, आमटी आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीसाठी पोटच्या मुलीला मेली म्हणायला तयार झाली. मी निदान रागाने तोडलं. ही भुकेने तोडणार. मनातून उतरली आज.

२२ नोव्हेंबर, बुधवार, पौर्णिमा

सकाळी देवळात गेलो. मी, सुभद्रा, आये. लोकांनी वाट करून दिली. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. उलट दोघा-तिघांनी "इलास? बरा झाला" म्हटलं. मला तेही टोचलं.

नारळ ठेवला. भिकाजी पुढे झाला. हात जोडून, डोळे मिटून, बापासारखाच खर्जात —

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा. काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल—"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातला जा कोण तुटला, जा कोण दूर जावन बसला, तेच्या मनातलो राग काढ, तेका परत सगळ्यांच्या वांगडा हाड—"

"व्हय म्हाराजा!"

"माहेरवाशिणीची ओटी भरलेली ठेव, तिच्या पोराबाळांक सुखी ठेव—"

"व्हय म्हाराजा!"

आयेचा आवाज सगळ्यांच्या वर. म्हातारीच्या कुडीत एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं.

मी वाट बघत राहिलो. आता म्हणेल, आता म्हणेल. भिकाजीने नारळ फोडला, गाऱ्हाणं संपलं. नर्मदेला मेली असं कुणी म्हटलंच नाही! मी महिनाभर दात आवळून तयारी केली आणि याने ऐनवेळी शेपूट घातलं. तेव्हा हेच वाटलं. माहेरवाशीण वगैरे म्हणजे नेहमीचं पालुपद असेल, सगळ्यांसाठी म्हणतात तसं.

दुपारी पंगत बसली. सहा वर्षांनी आमचं पान. शेजारी कोण होतं आठवत नाही, भात मऊ होता एवढं आठवतं. समोर बायकांची ओळ. आये बसली होती. तिच्या एका बाजूला सुभद्रा, दुसऱ्या बाजूला एक पान मांडलेलं, पण माणूस नाही. त्या पानावर मीठ वाढलं, लिंबू वाढलं, भात वाढला. पाटापुढे ओटीचं सामानही ठेवलं होतं. खण, नारळ, तांदूळ. वाढपी प्रत्येक पदार्थ त्या पानावर वाढून पुढे जात होते. कुणी विचारत नव्हतं.

आये अधूनमधून देवळाच्या पायऱ्यांकडे बघत होती. जेवली फार थोडं.

येताना विचारलं, ते पान कुणाचं? म्हणाली, "माहेरवाशिणीचा." कुणाची माहेरवाशीण? "गावाची."

२३ नोव्हेंबर

शाळेला दांडी मारली. नोकरीत पहिल्यांदाच.

सकाळी चालत लवूच्या हॉटेलात गेलो आणि बाकावर बसलो. पहिली गाडी आली. ड्रायव्हरने टपावरून पत्र्याची पेटी खाली दिली. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलंय — मालवण. कणकवली नाही! अक्षर ओळखलं. 'म' ची गाठ अशी उलटी काढायची तिची सवय, कितीदा छडी मारली तरी गेली नव्हती.

मी लवूकडे बघितलं. तो म्हणाला, "दादानूं, आता काय लपवचा? सहा वर्सां येता." म्हणजे त्याच महिन्यापासून. ज्या दिवशी मी पिशवी फेकली, त्या दिवशी ती रडत थांब्यावर येऊन बसली होती, गाडीला दोन तास होते. लवूने चहा दिला. तिने पिशवीतला पाव काढून, धूळ झटकून त्याच्यासमोर ठेवला. त्याने खाल्ला. बाकावर होते त्यांनीही खाल्ला. भिकाजीसुद्धा होता. दुसऱ्या दिवसापासून पेटी सुरू.

सगळी वाडी खाते. भिकाजीच्या घरी रोज सहा जातात. माझ्या घरीसुद्धा, मी शाळेत गेलो की. कावीळ झाली तेव्हा आयेला दुसरं काही चालत नव्हतं, पावच चालत होता, तो याच पेटीतून. सुभद्राचा दात — आता लिहायला नको. नर्मदेला दोन मुलं आहेत. मोठ्याचं नाव बाबली. आमच्या बाबांना वाडी याच नावाने हाक मारायची.

"मग मला का नाही सांगितलं?" मी ओरडलो असेन, कारण गाडीतले लोक वळले.

लवू शांतपणे म्हणाला, "तुमी फेकून दितलास म्हणान."

आणि पंगत? लवू म्हणाला, पान अडलं होतं ते नर्मदेपायी नाही, मी नारळ ठेवला नाही म्हणून. भिकाजीच्या बापाला नारळ हवा होता तो घर एकत्र राहू दे म्हणून गाऱ्हाणं घालायला. मेली म्हणायचं, हे कुणी म्हटलं होतं? कुणीच नाही. ते माझ्या डोक्यात होतं. मी सहा वर्षं घरात बसून गावाला शिव्या दिल्या, आणि गाव तिकडे माझ्या बहिणीच्या हातचा पाव चहात बुडवत होता. कोशातला अर्थ शब्दशः खरा! सगळे कंपनीत. शब्द शिकवणारा तेवढा बाहेर.

म्हटलं, काल पान तिचंच होतं ना? गावाने बोलावलं होतं ना? मग आली का नाही? इनासने सोडलं नाही?

लवू फडक्याने बाक पुसायला लागला. पुसलेला बाक परत पुसला. "ता आयेक विचारा."

२४ नोव्हेंबर

आयेला विचारलं.

"भिकाजी सोता गेल्लो बोलवूक. इनास म्हणालो, जा. तिना ओटीचा लुगडा पण काढून ठेवलेल्यान. मगे तिका कळला, तू नारळ ठेवतलंस, तू पंगतीत आसतलंस. म्हणाली, दादा बसतलो थय मी बसाचंय नाय."

एवढं सांगून तिनं माझ्यासमोर बशीत एक पाव ठेवला. लपवला नाही. आणि आत निघून गेली. सुभद्राही आतच होती.

एकट्याने खाल्ला.